विश्लेषण : आजी-आजोबांसाठी झटणाऱ्यांचे काम नेमके कोणते? सन्मान आणि कायदा काय सांगतो?

भिवंडी : १ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन आला की ठिकठिकाणी शाल-श्रीफळाचे कार्यक्रम होतात. ज्येष्ठांसाठी धावपळ करणाऱ्या कार्यकर्त्यांचाही सत्कार होतो. पण या कामाने आजी-आजोबांच्या आयुष्यात काय बदलते? ठाणे जिल्ह्यातीलच एक उदाहरण याबाबत बोलके आहे.

‘आजीबाईंची शाळा’ काय आहे?

मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी ही शाळा सुरू झाली. गावातील वयस्कर महिलांनी आपल्यालाही पोथी वाचता यावी, अशी इच्छा बोलून दाखवली होती. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती मनावर घेतली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टचे त्यांना सहकार्य मिळाले. साठी ओलांडलेल्या आजी गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी वर्गात बसू लागल्या. घरकाम आणि शेतीची कामे आटोपल्यावरची ही वेळ होती. बँकेत अंगठा उठवणाऱ्या हातांना सही करता येऊ लागली.

सरकारी पातळीवर सन्मान कोणता?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयातर्फे ‘वयोश्रेष्ठ सन्मान’ दिला जातो. २०१३ पासून त्याला राष्ट्रीय पुरस्काराचा दर्जा आहे. व्यक्तींसाठीचे प्रकार प्रामुख्याने ज्येष्ठांच्या स्वतःच्या कर्तृत्वासाठी आहेत. ज्येष्ठांची सेवा करणाऱ्यांसाठी संस्था, जिल्हा परिषद, नागरी स्थानिक संस्था असे वेगळे प्रकार आहेत. म्हणजेच महापालिकेचे कामही या सन्मानाच्या कक्षेत येते.

कायद्यात कार्यकर्त्याला स्थान आहे का?

आहे. पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा, २००७ नुसार स्वतःचा खर्च भागवू न शकणारे आई-वडीलच नव्हे, तर आजी-आजोबाही सज्ञान मुलांकडे आणि नातवंडांकडे निर्वाह भत्ता मागू शकतात. प्रांताधिकारी किंवा त्यापेक्षा वरिष्ठ दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणापुढे यासाठी अर्ज करता येतो. ज्येष्ठाला ते शक्य नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. मूळ कायद्यात भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १० हजार रुपये आहे. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असून, अपवादात्मक स्थितीत ३० दिवसांची वाढ मिळते.

भिवंडीसाठी हे महत्त्वाचे का?

भिवंडी हे यंत्रमागाचे शहर. इथे असंघटित कामगारांची संख्या मोठी आहे. ज्यांच्या नोकरीची कुठे नोंदच नाही, त्यांना म्हातारपणी भविष्य निर्वाह निधी किंवा पेन्शन मिळत नाही. अशा निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असेल, तर दरमहा १५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, बँक खाते, दरवर्षी हयातीचा दाखला... यातला एक कागद कमी पडला तरी पैसे अडकतात.

लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीला अशा वेळी कुणाच्या तरी सोबतीची गरज असते. फॉर्म भरून देणारा, रांगेत सोबत उभा राहणारा, प्रांत कार्यालयाची पायरी चढायला हिंमत देणारा माणूस तिथे उपयोगी पडतो.

मदत कुठे मिळेल?

‘एल्डरलाइन’ या राष्ट्रीय हेल्पलाइनचा टोल-फ्री क्रमांक १४५६७ आहे. पेन्शन, कायदेशीर सल्ला, छळाच्या तक्रारी किंवा बेघर ज्येष्ठांसाठी त्यावर फोन करता येतो. घरातल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांच्या मोबाइलमध्ये हा क्रमांक आजच सेव्ह करून द्या. अंक ओळखता येत नसतील, तर स्पीड डायलवर ठेवा.