जलवायुमान-बदलाचे इशारे
एखाद्या प्रदेशातील हवामानाच्या दीर्घकालीन सरासरी स्थितीस जलवायुमान म्हणतात. दगडी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनामुळे वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढून साऱ्या पृथ्वीचेच जलवायुमान बदलेल, हा इशारा नवा नाही. हा वायू सूर्यप्रकाशाला आत येऊ देतो. परंतु तापलेल्या भूपृष्ठातून बाहेर पडणारे अवरक्त प्रारण (अदृश्य उष्णता-किरण) शोषून त्यातील काही भाग परत भूपृष्ठाकडे पाठवितो. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये या वायूचे प्रमाण दुप्पट झाल्यास तापमान सु. ५° ते ६° से. वाढेल, असे गणिताने दाखविले. अशा वाढीस फार मोठा काळ लागेल व शीत देशांना ती हितावहच ठरेल, अशी त्यांची समजूत होती. ब्रिटिश अभियंते गाय कॅलेंडर यांनी १९३८ मध्ये तापमानवाढ प्रत्यक्ष सुरू झाल्याचे नोंदींवरून मांडले; तेही फारसे कोणास पटले नाही.

चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे नियमित मापन सुरू केल्यावर मात्र शंकेला जागा उरली नाही. औद्योगिकीकरणापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत सु. २८० भाग असलेला हा वायू १९५८ मध्ये सु. ३१५, १९८८ मध्ये सु. ३५१ व २०२४ मध्ये ४२० भागांहून अधिक भरला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने नेमलेल्या, ज्यूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९७९ मध्ये प्रमाण दुप्पट झाल्यास १.५° ते ४.५° से. वाढ होईल, असा अंदाज केला. तो आजही मोडीत निघालेला नाही. त्याच सुमारास काही तेल कंपन्यांच्या स्वतःच्या संशोधकांचे निष्कर्षही याहून फारसे वेगळे नव्हते. जेम्स हॅन्सन यांची अमेरिकन सिनेटच्या समितीपुढील साक्ष (१९८८) व रीओ दे जानेरो येथील आंतरराष्ट्रीय करार (१९९२) यांनंतर अज्ञानाची सबब कोणत्याच शासनाला उरली नाही. तथापि जीवाश्म इंधनांपासून आजवर उत्सर्जित झालेल्या कार्बन डाय-ऑक्साइडापैकी निम्म्याहून अधिक १९९० नंतरचा आहे.

उपेक्षा शक्य झाली, याचे एक कारण खुद्द निसर्गक्रमातच आहे. अतिरिक्त उष्णतेपैकी सु. नऊ-दशांश उष्णता महासागर सामावून घेतात. त्यामुळे कारण घडल्यावर परिणाम पुरता जाणवण्यास दशके लागतात. चार्नी गटाने हा विलंब ओळखला होता. मात्र ज्या विलंबाने चालढकल सोपी केली, तोच तिची किंमतही वाढवितो. धूर व धूळ पावसाने काही दिवसांत खाली बसतात, तसे कार्बन डाय-ऑक्साइडाचे होत नाही. त्याचा बराच अंश वनस्पती व सागर शोषतात. तरी उरलेला लक्षणीय भाग हजार वर्षांनंतरही हवेत राहतो. म्हणून उत्सर्जन पूर्ण थांबविले, तरी तापमान जवळजवळ गाठलेल्या पातळीवरच स्थिरावते, शतकानुशतके पूर्ववत होत नाही. शिवाय सागरात विरघळलेल्या वायूमुळे पाण्याची अम्लता वाढते व प्रवाळ आणि शिंपले यांच्या कवचनिर्मितीस बाधा येते.

समुद्रपातळीची गती याहूनही मंद व दीर्घ आहे. पाण्याचे प्रसरण व हिमनद्यांचे वितळणे यांमुळे १९०१–२०१८ या काळात जागतिक पातळी सु. २० सेंमी. चढली. ग्रीनलंडवरील हिमस्तर संपूर्ण वितळल्यास ती सु. ७ मी. वाढेल, यास हजारो वर्षे लागतील, परंतु तो मार्ग मोकळा करणारे उत्सर्जन काही दशकांचेच असू शकते. जलवायुमान-बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार तापमानवाढ १.५° से. वर रोखली, तरी पुढील २,००० वर्षांत पातळी २ ते ३ मी. चढेल, ५° से. वाढीत ती १९ ते २२ मी. होईल.

मुंबईच्या अपोलो बंदरातील भरती-ओहोटीच्या नोंदी १८७८ पासूनच्या असून त्यांतही ही वाढ दिसते. कोकणातील खारजमिनी व गोव्यातील खाजन शेते भरतीच्या पातळीहून सखल असून बांध आणि झडपांचे दरवाजे यांवरच टिकून आहेत. तेथे काही सेंटिमीटरांची वाढही खारे पाणी भातशेतीत शिरण्यास पुरेशी होते.