तुलना कालच्या स्वतःशी

आजची तारीख सांगा, शंभरातून सात वजा करत जा, एक वाक्य लिहून दाखवा. स्मृतिभ्रंश ताडण्यासाठी १९७५ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या चाचणीत असे प्रश्न असतात. सुरतेत उधना, लिंबायत भागांत खानदेशातून आलेली मोठी वस्ती आहे. लूमवर किंवा साड्यांच्या जॉबवर्कवर आयुष्य काढलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, घरात अहिराणी बोलणाऱ्या आजीला हे प्रश्न गुजरातीत विचारले, तर आजार नसतानाही ती नापास होईल. उलट मुरलेला हिशेबनीस आजार सुरू होऊनही पास होईल. हीच अडचण ओळखून हरियाणातल्या बल्लभगढमध्ये १९९० च्या दशकात निरक्षरांसाठी हिंदी चाचणी बेतली गेली. पण पहिली खूण चाचणीच्याही आधी दिसते, ती माणसाची त्याच्याच दोन वर्षांपूर्वीच्या वागण्याशी तुलना केल्यावर. ही तुलना घरचेच करू शकतात.

अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा प्रकार बहुधा मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागापासून सुरू होतो, आणि नवी आठवण जिथे रुजते तो हाच भाग. म्हणून माहेरचं लग्न बारकाव्यांनिशी सांगणारी आजी सकाळी कोण येऊन गेलं ते विसरते, आणि घरचे तिच्या स्मरणशक्तीचं कौतुक करत गाफील राहतात. किल्ली कुठे ठेवली हे कुणीही विसरतं, सांगितल्यावर आठवतं. या आजारात सांगूनही आठवत नाही; तोच प्रश्न तासाभरात पुन्हा येतो. भिशीचा हप्ता भरूनही पुन्हा भरायला निघणं, वर्षानुवर्षं अचूक मोजलेल्या ताक्यांचा हिशेब चुकू लागणं, ओळखीच्या गल्लीत गोंधळणं, चारचौघांत बसायचं टाळणं हे वयाच्या खात्यावर टाकू नये.

आजार बरा होत नाही, मग लवकर कळून काय उपयोग, असं पुष्कळजण विचारतात. एक तर बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड आणि नैराश्य अशीच लक्षणं दाखवू शकतात, आणि त्यांवर उपचार आहेत. साध्या रक्ततपासणीने पहिले दोन कळतात. आजार अल्झायमरच निघाला, तरी बँक, घर, शुश्रूषा याबद्दल स्वतःची इच्छा सांगण्याइतकी समज सुरुवातीला बहुधा शाबूत असते. प्रत्येक विसरण्याला आजार ठरवण्याची भीती रास्त आहे. म्हणून एका चुकीवर न जाता काही महिन्यांतला बदल पाहावा, आणि निदान डॉक्टरांवर सोडावं. मात्र गोंधळ दोन दिवसांत एकदम उद्भवला, तर जंतुसंसर्ग, औषधाचा परिणाम किंवा पक्षाघात असू शकतो. तेव्हा महिने मोजत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.