छातीवरची खालची रांग

सातारा जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंगेसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या पोरं फौजेत जातात. अशा घरांतून काचेच्या चौकटीत लावलेली पदकं दिसतात. पाहुणा ती मोजतो आणि कौतुकानं म्हणतो, "सात शौर्यपदकं!" घरातला निवृत्त हवालदार बहुधा काही बोलत नाही. कौतुक मनापासून असतं, पण हिशेब चुकलेला असतो.

शौर्यपदकं मोजकीच आहेत. युद्धातल्या पराक्रमासाठी परमवीर, महावीर आणि वीर चक्र. शत्रूशी थेट लढाई नसतानाच्या धाडसासाठी अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र. शिवाय शौर्यासाठी दिलं जाणारं सेना पदक. फौजीच्या छातीवरच्या बाकीच्या बहुतेक फिती तो कुठे राहिला, कोणत्या मोहिमेत होता आणि किती वर्षं टिकला हे सांगतात. सैन्य सेवा पदक जम्मू-काश्मीर, हिमालय, अंदमान-निकोबार अशा ठरावीक भागांतल्या सेवेसाठी मिळतं. त्यात जागा महत्त्वाची, एकूण नोकरीची वर्षं नव्हेत.

वर्षांसाठीची पदकं वेगळी. नऊ आणि वीस वर्षांच्या दीर्घ सेवेची पदकं 1971 मध्ये सुरू झाली, तीस वर्षांचं 1980 मध्ये. वीसचं मिळालं की नऊचं उतरवतात, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. तीस वर्षं पूर्ण केलेल्याच्या छातीवर तिन्ही फिती एकत्र असतात. एखाद्या जनरलचा फोटो नीट पाहिलात तर त्या सापडतील, पण तळाच्या रांगांत. सर्वांत मानाची फीत वरच्या रांगेत, छातीच्या मध्याकडच्या टोकाला लावतात. तिथून मान उतरत जातो.

"ही साहेब लोकांची पदकं" हा समजही खोटा. नियमात शिपायापासून जनरलपर्यंत सगळे बसतात. व्यवहारात मात्र फरक पडतो, आणि तो समजून घ्यायला हवा. जवानाला पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन लागू होते आणि बढती न मिळालेला शिपाई सहसा वीस वर्षांची सेवा होण्याआधीच घरी येतो. म्हणून त्याच्या चौकटीत नऊचं पदक असतं, वीसचं बहुधा नसतं. त्यात त्याची काही उणीव नाही, सेवेची मुदतच तेवढी. जो जवान सुभेदार मेजरपर्यंत चढला, त्याच्याकडे तीसचं असू शकतं. 2022 मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेतला अग्निवीर चार वर्षांसाठी भरती होतो. पुढे कायम होणारे जास्तीत जास्त पंचवीस टक्के. उरलेल्यांच्या वाट्याला नऊचंही येणार नाही.

नावांमुळे होणारा घोळ सर्वांत मोठा. परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदकांत "सेवा" आहे म्हणून लोक त्यांना दीर्घ सेवेत धरतात. ती उल्लेखनीय कामगिरीसाठी आहेत आणि त्यांची आद्याक्षरं नावापुढे लावता येतात. नऊ-वीस-तीसची लावता येत नाहीत. त्यांच्यावर शौर्यपदकांसारखा मासिक भत्ताही मिळत नाही. तेव्हा त्या आशेनं पदकं घेऊन कचेरीचे खेटे घालू नयेत.

दीर्घ सेवा आणि सद्वर्तन पदक हे आणखी निराळं. हे अधिकाऱ्यांना मिळत नाही, शिपाई-नायकांसारख्या जवानांचं आहे. इथे वर्षं भरली म्हणून काम भागत नाही. वागणुकीचा कागद स्वच्छ लागतो, शिक्षेची लाल शाईतली नोंद (रेड इंक एंट्री) आड येऊ शकते, आणि लायक ठरलेल्या सगळ्यांनाच ते मिळतं असंही नाही. इंग्रजांनी आपल्या सैनिकांसाठी असं पदक 1830 मध्ये काढलं, हिंदी सैनिकांसाठी 1888 मध्ये. मला हे पदक शौर्यपदकाच्या खालोखाल वाटतं. एका दिवसाचं धाडस मोठंच असतं. पण पहाटेची पी.टी., हुकूम, पोस्टिंगवर पोस्टिंग आणि बारशाला न मिळालेली रजा हे सगळं निभावून कागद कोरा ठेवणं सोपं नाही.

शेवटचा समज घातक आहे: "वर्षांची पदकं काय, सगळ्यांना मिळतात," म्हणून ती मोडीत जातात. धातू तांब्या-निकेलचा, मोडीत हाती फारसं काही येत नाही. देण्याआधी पदक हातात घ्या, कडेवरून बोट फिरवा. अनेक पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. घरी सुभेदार म्हणून परतलेले आजोबा जुन्या पदकाच्या कडेवर अजून शिपाई असतात.