सहकाऱ्याचे ऋण

आपल्या महाविद्यालयांतील शोकसभेचा विधी ठरून गेलेला आहे. दिवंगत प्राध्यापकाच्या छायाचित्राला हार घातला जातो, प्राचार्य त्याच्या कर्तव्यदक्षतेचा आणि विद्यार्थिप्रियतेचा उल्लेख करतात, शोकप्रस्ताव वाचला जातो आणि दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून मंडळी आपापल्या तासाला जातात. या विधीत खोटे असे काही नसते. परंतु ज्याच्याशी वर्षानुवर्षे एका खोलीत बसून वाद घातले, ज्याच्या टिपणांवरून आपण शिकवले, ज्याने सहज सुचवलेल्या कल्पनेवर आपण पुढे लेख उभा केला, त्याचे आपण नेमके काय देणे लागतो, याचा उच्चार त्या सभेत क्वचितच होतो. गुणांची यादी वाचली जाते. ऋणाची यादी वाचली जात नाही. सहकाऱ्याचे खरे स्मरण म्हणजे या ऋणाचा जमाखर्च जाहीरपणे मांडणे होय. तो कसा मांडावा याचा एक उत्तम वस्तुपाठ अर्थशास्त्राच्या अलीकडच्या इतिहासात सापडतो. पाकिस्तानी अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांचे त्यांचे मित्र व सहकारी अमर्त्य सेन यांनी केलेले स्मरण, हा तो वस्तुपाठ.

या दोघांची ओळख १९५३ मधली. सेन कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आले होते, तर हक लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून किंग्ज कॉलेजात. जोन रॉबिन्सन यांच्या व्याख्यानाला घाईघाईने जात असताना दोघांची गाठ पडली, असे सेन यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. देशाची फाळणी होऊन तेव्हा उणीपुरी सहा वर्षे झाली होती. सेन यांच्या घराण्याचे ढाका पाकिस्तानात गेलेले. हक यांची जन्मभूमी जम्मू भारतात राहिलेली. दोघांच्याही घरांनी फाळणीची झळ सोसली होती. तरीही एकाच वर्गात बसणाऱ्या या दोन तरुणांची जी मैत्री जुळली, ती पुढे पंचेचाळीस वर्षे, म्हणजे हक यांच्या अखेरच्या दिवसापर्यंत, टिकली. दोनदा झालेली भारत-पाक युद्धे त्या मैत्रीच्या आड आली नाहीत.

हक यांचे कर्तृत्व आपल्याकडे फारसे परिचित नाही, म्हणून ते थोडक्यात सांगणे इष्ट ठरेल. येल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन ते मायदेशी परतले आणि पाकिस्तानच्या नियोजन मंडळाचे प्रमुख अर्थशास्त्रज्ञ झाले. आरंभी त्यांचा भर उत्पादनवाढीवर होता. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात, विकासाच्या पहिल्या टप्प्यात विषमता वाढली तरी ती सोसली पाहिजे, अशीच भूमिका त्यांनी घेतली होती. पण साठीच्या दशकात पाकिस्तानचे राष्ट्रीय उत्पन्न वेगाने वाढत असताना ती वाढ कोणाच्या पदरात पडते, हे त्यांनी आकड्यांनिशी तपासले. देशातील औद्योगिक मालमत्तेपैकी सुमारे दोन-तृतीयांश मालमत्ता अवघ्या बावीस घराण्यांच्या हाती एकवटली आहे, असे त्यांनी १९६८ मध्ये जाहीरपणे सांगितले. सरकारी नियोजनकर्त्यानेच सरकारी नियोजनाचे हे फलित चव्हाट्यावर मांडावे, ही घटना असाधारण होती. अयूबखानांच्या राजवटीविरुद्ध उसळलेल्या आंदोलनात ‘बावीस घराणी’ ही घोषणाच होऊन बसली. पुढे १९७० पासून बारा वर्षे हक जागतिक बँकेत होते, नंतर पाकिस्तानात मंत्री झाले, आणि १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमात सल्लागार म्हणून रुजू झाले. त्यांचे चिरस्थायी कार्य येथेच झाले.

एखादा देश किती पुढे गेला हे त्याच्या दरडोई उत्पन्नावरून ठरवण्याची रीत तेव्हा सर्वमान्य होती. ती मोडावयाची तर तितकेच सुटसुटीत दुसरे माप हाती पाहिजे, असे हक यांना वाटत होते. या कामासाठी त्यांनी पॉल स्ट्रीटन, फ्रान्सिस स्ट्युअर्ट, मेघनाद देसाई आदी अर्थशास्त्रज्ञांना गोळा केले आणि सेन यांनाही गळ घातली. सेन यांनी या विचाराची तात्त्विक बैठक आधीच घातलेली होती. माणसाच्या हाती किती पैसा आहे यापेक्षा तो काय करू शकतो आणि काय होऊ शकतो, हे पाहावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. परंतु आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तीन निराळ्या गोष्टींची मोट बांधून एकच आकडा काढणे त्यांना मुळीच रुचले नाही. माणसाचे आयुष्य एका आकड्यात कसे मावणार? विषमता, स्वातंत्र्य, स्त्रियांची स्थिती यांपैकी काहीच त्या आकड्यात दिसणार नव्हते. हे आक्षेप हक यांना ठाऊक नव्हते असे नाही. माप ओबडधोबड आहे, हे त्यांनी मान्यच केले. त्यांचे म्हणणे इतकेच होते, की राष्ट्रीय उत्पन्न हेही ओबडधोबड मापच आहे. त्याला हटवायचे तर तितकेच ओबडधोबड, पण माणसाच्या जगण्याकडे डोळेझाक न करणारे माप हवे. विस्तृत कोष्टकांकडे कोणी ढुंकून पाहत नाही. एक आकडा आणि एक क्रमांक दिला, तर मंत्र्यापासून वार्ताहरापर्यंत सर्वांना त्याची दखल घ्यावी लागेल.

अखेर सेन यांनी आपली असहमती न लपवता त्या मापाच्या रचनेला हात लावला, आणि १९९० मध्ये १३० देशांची क्रमवारी देणारा पहिला मानव विकास अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातील एकच तुलना पुरेशी बोलकी आहे. १९८७ साली श्रीलंकेचे दरडोई उत्पन्न सुमारे ४०० डॉलर होते, तर सौदी अरेबियाचे सुमारे ६,२०० डॉलर. पण श्रीलंकेत सरासरी आयुर्मान ७१ वर्षे व प्रौढ साक्षरता ८७ टक्के, तर सौदी अरेबियात ती अनुक्रमे ६४ वर्षे व ५५ टक्के! पंधरापट उत्पन्न असूनही आयुष्य तोकडे आणि अक्षरओळख कमी, ही गोष्ट दरडोई उत्पन्नाच्या रकान्यात कधीच दिसली नसती. मानव विकास निर्देशांकाने ती एका दृष्टिक्षेपात दाखवली.

१६ जुलै १९९८ रोजी न्यूयॉर्क येथे हक यांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे ६४ वर्षांचे होते. त्यांच्या स्मरणार्थ त्याच शहरात ऑक्टोबर महिन्यात सभा योजिली होती. त्या सभेसाठी सेन न्यूयॉर्कमध्ये आले असतानाच, १४ ऑक्टोबरला, त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. जगाचे सारे लक्ष आपल्यावर खिळले असताना, दिवंगत मित्राचा वाटा नकळत आपल्या खात्यावर जमा होणे अगदी सोपे असते. लोकांना एकच नाव लक्षात ठेवणे सोयीचे वाटते, आणि ते नाव साहजिकच पारितोषिक मिळवणाऱ्याचे असते. आजही कित्येक पाठ्यपुस्तकांत व परीक्षेच्या मार्गदर्शिकांत मानव विकास निर्देशांकाचे जनकत्व सेन यांना देऊन टाकलेले आढळते. स्वतः सेन यांनी मात्र ते कधीच स्वीकारले नाही. ही कल्पना हक यांची, तिच्यामागील धैर्य हक यांचे आणि तिच्यासाठी केलेली खटपटही हक यांची. आपण मदतनीस होतो, हे त्यांनी वेळोवेळी सांगितले. एवढेच नव्हे, तर १९९९ च्या मानव विकास अहवालातील टिपणात त्यांनी निर्देशांकाविषयीच्या जुन्या मतभेदाची हकीकत स्वतःच दिली आणि त्या वादात हक यांचेच म्हणणे बरोबर ठरले, असा निर्वाळा दिला.

माझ्या मते या स्मरणाचे मोल तीन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट अशी, की सेन यांनी मित्राची स्तुती मोघम शब्दांत केली नाही. त्याने काय केले आणि ते इतरांना का जमले नसते, हे नेमके सांगितले. दुसरी अशी, की मतभेद झाकून ठेवले नाहीत. जिवंतपणी ज्याच्याशी कडाक्याचा वाद घातला, त्याच्या मृत्यूनंतर आपण सदैव एकमताचे होतो असा देखावा करणे, हा त्याच्या बुद्धीचा अवमानच असतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मित्राचे काम देव्हाऱ्यात ठेवून त्याची पूजा झाली नाही. त्यात सुधारणा होत राहिल्या. हक हयात असतानाच सुधीर आनंद व सेन यांनी मानवी दारिद्र्याचा वेगळा निर्देशांक सिद्ध करून तो १९९७ च्या अहवालात दिला होता. २०१० मध्ये मूळ निर्देशांकाचे गणितच बदलले. तिन्ही अंगांची साधी सरासरी घेण्याऐवजी गुणोत्तरीय सरासरी घेतली जाऊ लागली. त्यामुळे एका अंगातील उणीव दुसऱ्या अंगातील भरघोस आकड्याने पूर्ण झाकणे अशक्य झाले. त्याच वर्षी विषमतेचा हिशेब धरणारा स्वतंत्र निर्देशांकही आला. ज्या आक्षेपांवरून १९८९ मध्ये दोघा मित्रांत वाद झाला, त्यांतल्या काहींना अशा रीतीने उत्तर मिळत गेले.

याचा अर्थ हक यांच्या चरित्रात टीकेला जागाच नाही असा नव्हे. जनरल झिया यांच्या लष्करी वर्चस्वाखालील सरकारात त्यांनी अर्थमंत्रिपद स्वीकारले होते. माणसाच्या सामर्थ्याचा व निवडीच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्याने हे करावे काय, हा प्रश्न रास्त आहे. गेलेल्या माणसाविषयी असे प्रश्न विचारू नयेत, असा आपल्याकडे संकेत आहे. शोकाच्या पहिल्या दिवसांत तो पाळावा हे योग्यच. परंतु तो कायमचा पाळला, तर माणूस नाहीसा होऊन केवळ तसबीर उरते. १९६३ मध्ये विषमतेचे समर्थन करणारा अर्थशास्त्रज्ञ १९६८ मध्ये बावीस घराण्यांचा हिशेब मांडतो, हा बदल समजून घ्यायचा, तर त्याची पहिली भूमिकाही सांगावीच लागते. तिच्यावाचून दुसरीचे मोल कळत नाही.

हा वस्तुपाठ आपल्याला विशेष लागू पडतो, कारण शिक्षकाच्या कामाचा फार मोठा भाग निनावी असतो. अभ्यासक्रमाची मांडणी, विद्यार्थ्यांसाठी केलेली टिपणे, तरुण सहकाऱ्याच्या प्रबंधावर घालवलेल्या संध्याकाळी यांची नोंद कोणत्याही सेवापुस्तकात होत नाही. बढतीसाठी प्रकाशनांचे गुण मोजण्याची पद्धत आल्यापासून तर, जे छापले तेवढेच काम, असा समज दृढ झाला आहे. त्यातच तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्यांची अवस्था अशी, की त्यांनी उभारलेल्या कामावर त्यांचे नावही राहत नाही. असा एखादा सहकारी गेला, की त्याचे कपाट रिकामे केले जाते आणि कागद रद्दीत जातात. ते कागद चाळून पाहणे, त्यातले उपयोगी ते विभागाच्या ग्रंथालयात ठेवणे, त्याच्या टिपणांवरून शिकवताना वर्गात त्याचे नाव घेणे, यांना काही खर्च येत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर ज्याचा मोबदला बाजार देत नाही अशा सेवेची ही परतफेड आहे, आणि ती करू शकणारे फक्त सहकारीच असतात.

हक यांच्या कामाची परतफेड कोठे कोठे चालू आहे, हे पाहिले म्हणजे मन थक्क होते. २००२ मध्ये महाराष्ट्राचा पहिला मानव विकास अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातून जिल्ह्याजिल्ह्यांतील तफावत पुढे आली आणि २००६ मध्ये राज्यात मानव विकास मिशन सुरू झाले. याच कार्यक्रमातून खेड्यापाड्यांतील मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या एस.टी. गाड्या आल्या, आणि त्यांच्यावर ‘मानव विकास’ हे दोन शब्द रंगवले गेले. दुसरीकडे, २०२५ च्या अहवालात १९३ देशांत भारताचा क्रमांक १३० वा आहे; म्हणजे ज्या उणिवेकडे हक यांनी बोट दाखवले, ती अजून भरून निघालेली नाही. जम्मूत जन्मून पाकिस्तानचा नागरिक झालेल्या एका अर्थशास्त्रज्ञाने आपल्या भारतीय मित्राशी वाद घालून जो विचार जगाच्या गळी उतरवला, तो आज विदर्भ-मराठवाड्यातील मुलींना शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचवत आहे. त्या मुलींना हक यांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. ते सांगण्याची जबाबदारी त्यांना अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांची आहे.