विकिपीडियावरच्या चित्रांना आपले शब्द

आम्ही ठाण्याच्या नौपाड्यातून बचत गटांचं काम पाहणाऱ्या समन्वयक. आजचा विषय आहे विकिपीडियावरची चित्रं. ती कशी काढतात, कशी सुधारतात आणि त्यात गटातल्या बायकांचा हात कसा लागू शकतो, ते सांगणार आहोत. हा विषय शिकलेल्या मुलांचा, आपला नव्हे, असं मनात आलं असेल तर आधी एक गोष्ट आठवा.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तेव्हापासून आरोग्याच्या बैठकीत आम्ही एक प्रश्न विचारतो : पिशवी काढली म्हणजे नेमकं काय काढलं? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं, ‘पिशवी.’ पण पिशवीच्या दोन्ही बाजूंना अंडाशय असतात आणि ते वेगळे अवयव आहेत. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, अंडाशय मात्र आपलं काम करत राहतात. अंडाशयही काढले, तर पाळी जाण्याच्या वयातले त्रास लगेच सुरू होऊ शकतात. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनमध्ये तर पिशवीला हातच लावत नाहीत, फक्त नळ्या बंद करतात, म्हणून पाळी पुढे चालू राहते. या तीन गोष्टी शब्दांनी समजावायला अर्धा तास लागतो. समोर चित्र असेल तर पाच मिनिटांत कळतात. मात्र त्या चित्रावरचे शब्द वाचता आले पाहिजेत.

इंटरनेटवर असं चित्र शोधलं की चांगलं चित्र मिळतं, पण नावं बहुतेक वेळा इंग्रजीत असतात. आपलं काम इथेच सुरू होतं.

विकिपीडिया हा लोकांनी मिळून लिहिलेला ज्ञानकोश आहे. तो २००१ साली सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी. त्याला लागणारी चित्रं ‘विकिमीडिया कॉमन्स’ नावाच्या सामायिक कोठारात ठेवतात. हे कोठार २००४ पासून आहे. तिथलं चित्र कुठल्याही भाषेच्या विकिपीडियाला वापरता येतं आणि आपल्यालाही उतरवून घेऊन छापता येतं.

या कोठारात दोन जातींची चित्रं असतात. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिच केलं असेल. एकेक घर मोजून टाका घालायचा. लांबून मोर दिसतो, जवळ गेलं की नुसती चौकटी घरं. फोनमधला फोटो तसाच असतो, रंगीत घरांचा. मोठा करत गेलं की घरं दिसायला लागतात आणि चित्र फाटतं.

दुसरी जात आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी. सात ते सात ठिपक्यांची रांगोळी आपण लक्षात ठेवतो, तेव्हा रांगोळीचा कण न् कण लक्षात ठेवत नाही. कुठल्या ठिपक्यापासून कुठल्या ठिपक्यापर्यंत रेघ न्यायची, तेवढंच ठेवतो. मग ती पाटाएवढी काढा नाहीतर अख्ख्या अंगणाएवढी, मोडत नाही. याला व्हेक्टर चित्र म्हणतात आणि त्याच्या फाइलला एसव्हीजी. फाइलच्या आत ‘इथून इथपर्यंत रेघ, इथे गोल, यात लाल रंग, इथे हा शब्द’ अशा सूचना लिहिलेल्या असतात. साधं चित्र असेल तर फाइल हलकी असते, गावातल्या संथ नेटवरही उतरते. तेच चित्र वहीत चिकटवता येतं आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीएवढ्या फ्लेक्सवरही छापता येतं. आपल्या दृष्टीने सगळ्यात मोठी सोय ही, की चित्राला धक्का न लावता त्यातला शब्द तेवढा बदलता येतो. ब्लाउजचं कापड तेच ठेवून काठ बदलावा तसं.

मारियाना रुइस व्हिलारियल नावाच्या मेक्सिकोच्या एका चित्रकार बाईंनी ‘लेडीऑफहॅट्स’ या नावाने अशी शेकडो चित्रं काढून कोठारात टाकली. प्राण्याची पेशी, चेतापेशी, शरीराचे अवयव. त्यांवर त्यांनी स्वतःचा कुठलाही हक्क ठेवला नाही. त्यामुळे जगभरच्या लोकांनी त्या चित्रांवर आपापल्या भाषेतली नावं घातली. एकीने चित्र काढलं आणि ज्यांना तिची भाषा येत नाही अशा मुलांच्या अभ्यासाला ते आलं. उरलेलं अर्धं काम, म्हणजे मराठी शब्द, ते आपल्याला करता येतं.

ते करायचं कसं? आधी कागद घ्या, संगणक नंतर. कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात चित्रावरचा इंग्रजी शब्द, दुसऱ्यात पुस्तकी मराठी शब्द, तिसऱ्यात आपल्या गावात बोलतात तो शब्द. दुसऱ्यात गर्भाशय, तर तिसऱ्यात गर्भपिशवी. दुसऱ्यात अंडवाहिनी, तर तिसऱ्यात नळी. दुसऱ्यात गर्भाशयमुख, तर तिसऱ्यात पिशवीचं तोंड. चित्रावर पुस्तकी शब्द आणि जागा असेल तिथे बोलीतला, असे दोन्ही घालावेत असं आमचं मत आहे. पुस्तकी शब्द दवाखान्याच्या कागदावर भेटतो, बोलीतला शब्द अर्थ सांगतो.

पुस्तकी शब्दही नेहमी एकच असतो असं नाही. हृदयाच्या कप्प्यांना काही पुस्तकांत कर्णिका-जवनिका म्हणतात, काहींत अलिंद-निलय. अशा वेळी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहायचे. आमच्या ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात किंवा हायस्कूलमध्ये कोश असेल तर विचारा. यादी पुरी झाली की आशाताईंना, नर्सबाईंना किंवा विज्ञानाच्या बाईंना दाखवा. त्यांनी बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. शरीराच्या चित्रावर चुकीचा शब्द असण्यापेक्षा इंग्रजी शब्द बरा.

इथे एक खाचखळगा सांगतो. शरीराच्या चित्रातलं माणूस आपल्याकडे तोंड करून उभं असतं. त्यामुळे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. बघणाऱ्याला वाटतं छापताना उलटंच झालं, आणि ती हौसेने ‘सुधारते’. तसं करू नका. तसंच हृदयाच्या चित्रात निळ्या रंगाने दाखवलेलं रक्त खरं निळं नसतं. प्राणवायू कमी असलेलं रक्त वेगळं कळावं म्हणून तो रंग देतात. चित्राखाली तसं एक वाक्य लिहिलं की शंका राहत नाही.

शब्द घालायला ‘एसव्हीजी ट्रान्सलेट’ नावाचं एक साधन इंटरनेटवर फुकट आहे. कॉमन्सवरच्या चित्राचं नाव त्यात टाकलं की चित्रातल्या शब्दांची यादी समोर येते. भाषा मराठी निवडायची, एकेका शब्दासमोर आपला शब्द लिहायचा, चित्र कसं दिसतं ते बघायचं आणि कोठारात चढवायचं. चढवण्यासाठी विकिपीडियावर खातं लागतं, ते फुकट उघडतं. चित्र काढता येण्याची अट नाही.

लिहिताना युनिकोड मराठीच वापरा. फोनवर आपण जे मराठी टाइप करतो ते युनिकोडच असतं. छपाईच्या दुकानांतले काही जुने फॉन्ट मात्र तसे नसतात, त्यातला मजकूर दुसऱ्या संगणकावर वेड्यावाकड्या खुणांसारखा दिसतो. शब्दाच्या भोवती थोडी जागा मोकळी सोडा, कारण दुसरीकडे अक्षराचं वळण बदललं की शब्द लांबतो आणि रेघेवर चढतो. काही जण अक्षरांचं रूप बदलू नये म्हणून अक्षरांच्याही रेघा करून टाकतात. मग तो शब्द राहत नाही, शब्दाचं चित्र होतं आणि पुढच्या बाईला तो बदलता येत नाही. आणखी एक : फक्त रंगावर भिस्त ठेवू नका. आपल्याकडे सगळं झेरॉक्स होऊन फिरतं आणि झेरॉक्समध्ये लाल-हिरवं दोन्ही करडंच दिसतं. रंगाबरोबर नाव किंवा आकडा हवाच.

नवीन चित्र काढायचं असेल तर ‘इंकस्केप’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. तेही २००३ पासूनचं. त्याला संगणक लागतो. गटातल्या एखादीची कॉलेजात जाणारी मुलगी ते महिन्याभरात शिकेल. पण काय काढायचं, हे तिला तुम्हीच सांगू शकता. नांगराचा फाळ, रुमणं, हळस, जू ही नावं शहरातल्या मुलाला कोण सांगणार? तुमच्याकडे हळस म्हणतात की इसाड, हेही लिहून ठेवण्यासारखं आहे. जातं, उखळ, सूप, भाताची रोपणी, यांची नीट नावं घातलेली चित्रं व्हायला हवीत. संगणक कुणालाच येत नसेल तर स्वच्छ कागदावर पेनाने काढा, नावं घाला, फोटो घ्या. कॉमन्सवर ‘ग्राफिक लॅब’ नावाची जागा आहे. तिथे ‘या चित्राचं व्हेक्टर करून द्या’ अशी विनंती करता येते आणि जाणकार माणसं सवडीने करून देतात.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, पाठ्यपुस्तकातलं किंवा कुठल्या कंपनीच्या पत्रकातलं चित्र गिरवून चढवायचं नाही. त्यावर दुसऱ्याचा हक्क असतो. पुस्तकातून माहिती घ्या, रेघ आपली ओढा.

दुसरी गोष्ट शहापूर, मुरबाडकडच्या मैत्रिणींनी नीट ऐकावी. कोठारात टाकलेलं चित्र कुणीही वापरू शकतं, छापून विकूही शकतं. तुम्ही काढलेलं असलं तर तुमचं नाव देणं बंधनकारक राहील अशी अट घालता येते, पण पैसे मागता येत नाहीत, आणि एकदा दिलेली परवानगी परत घेता येत नाही. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तुमच्या हातची एखादी नक्षी कोठारात तुम्हीच खुली केलीत तर ती परत मिळणार नाही. म्हणून ज्या नक्षीवर तुमचं पोट आहे, जी तुम्ही साडीवर, पिशवीवर काढून विकता, ती तिथे टाकू नका. ज्ञानाची चित्रं द्या, धंद्याची नक्षी घरी ठेवा. गटाच्या नावाने काही चढवायचं असेल तर आधी बैठकीत ठराव घ्या आणि ज्या बाईने चित्र काढलं तिची संमती लिहून घ्या.

पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की अर्धा तास काढा. गर्भपिशवीचं चित्र एकीच्या फोनवर उघडा, तीन रकान्यांचा कागद मध्ये ठेवा. बोलीतले शब्द म्हाताऱ्या बायकांना विचारा, पुस्तकी शब्द शाळेतल्या मुलींना. आशाताईंनी यादी तपासली की मग फोनवाली ती चढवेल. त्यानंतर ते चित्र मोठं छापून उपकेंद्राच्या भिंतीवर लावा. ऑपरेशनच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी आपल्या बाईला त्या चित्रावर बोट ठेवून डॉक्टरांना विचारता यावं, ‘यातलं नेमकं काय काढणार आहात?’