एमसीबी पडत नाही, तरीही प्लग का वितळतो? समजून घ्या साधे गणित

गिझरचा प्लग काढताना तो गरम लागतो. काही दिवसांनी सॉकेटभोवती तपकिरी डाग दिसतो, मग जळका वास येऊ लागतो. एमसीबी मात्र एकदाही पडलेला नसतो. अनेक घरांत ही सूचना दुर्लक्षित राहते. यामागचे कारण शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमात आहे आणि त्यासाठी फक्त मोबाइलमधला कॅल्क्युलेटर लागतो.

तीन शब्द, दोन सूत्रे

व्होल्टेज म्हणजे वीज ढकलणारा दाब. करंट म्हणजे तारेतून वाहणारा प्रवाह. रोध म्हणजे त्या प्रवाहाला होणारा अडथळा. जर्मनीतील शिक्षक जॉर्ज सायमन ओहम यांनी या तिघांचे नाते १८२७ मध्ये पुस्तकरूपाने मांडले.

• रोध (ओहम) = व्होल्टेज ÷ करंट
• पॉवर (वॉट) = व्होल्टेज × करंट

यातील कोणतेही दोन आकडे माहीत असले, की उरलेले दोन काढता येतात.

गिझरचे गणित

गिझरच्या लेबलवर ‘२००० वॉट, २३० व्होल्ट’ असे लिहिलेले आहे, असे समजू.

• करंट = २००० ÷ २३० = सुमारे ८.७ अँपिअर
• रोध = २३० ÷ ८.७ = सुमारे २६.४ ओहम

आता सॉकेटकडे पाहा. घरातले लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. म्हणजे त्याची मर्यादा २३० × ६ = १३८० वॉट. ७५० वॉटची इस्त्री त्यावर चालते, कारण ती ३.३ अँपिअरच घेते. गिझरला मात्र १६ अँपिअरचे मोठे सॉकेटच हवे. मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवून देणारे अडॅप्टर बाजारात मिळते, पण त्यामुळे सॉकेटची क्षमता वाढत नाही.

मोठे सॉकेट असूनही धोका कसा?

खरी मेख सैल जोडात आहे. पिन सॉकेटमध्ये घट्ट बसली नाही किंवा तारेचा स्क्रू सैल झाला, की त्या जागी थोडा जादा रोध तयार होतो. तो अर्धा ओहम आहे, असे धरू. वरची दोन सूत्रे एकत्र केली, की उष्णतेचे सूत्र मिळते:

• उष्णता (वॉट) = करंट × करंट × रोध

एकूण रोध आता २६.४ ऐवजी २६.९ ओहम झाला. करंट थोडा कमी होऊन ८.५ अँपिअरवर आला. सैल जोडापाशी तयार होणारी उष्णता: ८.५ × ८.५ × ०.५ = सुमारे ३६ वॉट. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात २५ वॉटची सोल्डरिंग गन धातूची तार वितळवते. इथे त्याहून जास्त उष्णता प्लॅस्टिकच्या आत कोंडलेली असते.

त्याच सैल सॉकेटवर १ अँपिअर घेणारे उपकरण लावले, तर उष्णता फक्त अर्धा वॉट. म्हणून दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. करंट साडेआठ पट झाला, की उष्णता तब्बल ७२ पट होते.

एमसीबी का पडत नाही?

एमसीबी पाहतो तो फक्त करंट. ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किट झाले, की तो पडतो. सैल जोडामुळे मात्र करंट वाढत नाही, उलट किंचित घटतो. त्यामुळे १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने सगळे ठीकच असते. अशा वेळी एमसीबी बदलून उपयोग नाही.

व्होल्टेज कमी असेल तर?

गिझरच्या कॉइलचा रोध फारसा बदलत नाही. व्होल्टेज १८० वर आले, तर करंट ६.८ अँपिअर आणि पॉवर सुमारे १२२४ वॉट होते. म्हणून पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो. गिझर बिघडलेला नसतो. पंखा, फ्रिज, पंप यांच्या मोटारींना मात्र हे गणित जसेच्या तसे लागू होत नाही. तिथे लेबलवरचा अँपिअरचा आकडाच पाहावा.

काय कराल?

• लेबलवरील वॉटला २३० ने भागा. उत्तर सॉकेटवरील अँपिअरपेक्षा कमी हवे.
• एक्स्टेंशन बोर्डावर लावलेल्या सगळ्या उपकरणांच्या वॉटची बेरीज करून मग भागा. गिझर किंवा हीटर त्यावर लावूच नका.
• प्लग गरम लागला, डाग किंवा वास आला, तर वापर लगेच थांबवा. मेन स्विच बंद करून जाणकार वायरमनला बोलवा.
• जळलेले सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. तापून ढिली झालेली पत्ती पुन्हा घट्ट पकडत नाही.
• वीज चालू असताना मल्टिमीटरने रोध मोजू नका.