सड्यावरचा जड दगड अशनी आहे का? जहांगीरच्या दरबारातली ४०० वर्षांपूर्वीची नोंद काय सांगते

रत्नागिरीच्या सड्यावर जड, काळपट, चुंबकाला चिकटणारा दगड मिळाला, की 'उल्का सापडली' असा मेसेज फिरायला वेळ लागत नाही. पण आपल्याकडच्या जांभ्यातच लोहाची ऑक्साइडं भरपूर आहेत. किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असतं, आणि लोहाराच्या भट्टीतला कीटही हुबेहूब 'अंतराळातला' दिसतो. त्यामुळे नुसत्या चुंबकावर काही ठरत नाही. (आकाशात चमकते ती उल्का, जमिनीवर पोचते ती अशनी.)

मग जुनं लोखंड आकाशातलं होतं, हे कसं ओळखतात? भारतातलं सर्वात भक्कम उदाहरण जालंधरचं आहे.

नोंदीत काय आहे?

बादशहा जहांगीरच्या आत्मचरित्रात, 'तुझुक-ए-जहांगिरी'त, एप्रिल १६२१ची घटना आहे. जालंधर परगण्यातल्या एका गावात सकाळी पूर्वेकडून भयानक आवाज आला आणि तेजस्वी गोळा जमिनीवर कोसळला. तिथला अंमलदार महंमद सईद स्वतः घोड्यावरून पाहायला गेला. दहा-बारा गज जमीन जळलेली होती. खणत गेले तशी उष्णता वाढली आणि तळाशी तापलेलं लोखंड लागलं. जहांगीरने ते आपल्यासमोर तोलून घेतलं. वजन भरलं १६० तोळे, म्हणजे आजचे साधारण दोन किलो.

पुढचा तपशील मला सर्वात मोलाचा वाटतो. उस्ताद दाऊदला यातून हत्यारं घडवायला सांगितलं, तर घणाखाली लोखंडाचे तुकडे पडू लागले. शेवटी तीन भाग हे आणि एक भाग साधं लोखंड मिसळून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक चाकू घडला. दरबारी कथाकाराने चमत्कार रचला असता, तर 'हे लोखंड घडवता येईना' अशी कटकट कशाला लिहिली असती?

सगळंच खरं मानायचं?

नाही. दोन किलोचा तुकडा हवेत वेग गमावतो, बाहेरून क्षणभर वितळला तरी आतून थंडच राहतो. त्यामुळे जळलेलं गवत आणि लालबुंद गोळा या भागाकडे जपून पाहावं. पण आवाज, दिशा, जागा, वजन आणि साक्षीदार अधिकारी या गोष्टी जुळतात. आणि हे सगळं युरोपातल्या शास्त्रज्ञांनी आकाशातून दगड पडतात हे मान्य करण्याच्या (१७९४ ते १८०३चा काळ) पावणेदोनशे वर्षं आधीचं आहे.

वस्तू काय सांगते?

त्यातला चाकू आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. पात्यावर सोन्यात कोरलेला मजकूर ग्रंथातल्या नोंदीशी जुळतो. इथे कागद आणि वस्तू एकमेकांची साक्ष देतात, असा योग क्वचितच येतो.

प्रयोगशाळेत मात्र मुख्य कसोटी निकेलची. लोह-अशनींमध्ये ते साधारण पाच टक्क्यांहून जास्त असतं. तूतनखामेनच्या खंजिरात २०१६च्या तपासणीत सुमारे ११ टक्के निघालं. दुसरी खूण म्हणजे कापून, घासून, आम्ल लावल्यावर दिसणारी आडव्या-तिरप्या पट्ट्यांची जाळी, विडमनस्टेटन नक्षी. धातू लाखो वर्षांत अतिशय सावकाश थंड झाला तरच ती तयार होते. भट्टीत घातला की नक्षी पुसली जाते, निकेल उरतं. जालंधरचा मूळ गोळा भट्टीत गेला, त्यामुळे ही खूण कायमची हरवली.

महाराष्ट्रात?

आपल्याकडे १८७७ला धुळ्याजवळ आणि २०१२ला नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात पडल्या त्या दगडी अशनी. डोळ्यांदेखत पडणाऱ्यांत लोखंडी अशनी जेमतेम पाच टक्के.

म्हणून सड्यावर संशयास्पद दगड मिळालाच, तर तो तापवू, फोडू किंवा घासू नका. जागेवरच फोटो काढा, लोकेशन आणि तारीख टिपा, वजन करा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला दाखवा. पडताना कुणी पाहिलं असेल, तर दिशा आणि वेळ त्यांच्याच शब्दांत, त्याच दिवशी लिहून घ्या.